‘ते विमान लढाईत गेलं’ म्हणजे नेमकं काय झालं असेल?

प्रश्न लांब होता, म्हणून आधी मला जेवढा कळला तेवढा मांडतो. तुमचे पणजोबा १९३३ ते ३८ च्या सुमारास जुहूला विमानांच्या हँगरमध्ये मिस्त्री होते. घरी एक फोटो आहे. त्यात वर एकच पंख असलेलं, बंद केबिनचं छोटं विमान आहे, अंगावर ‘व्हीटी’ वाचता येतं आणि पुढची अक्षरं पुसट आहेत. आजीच्या पत्र्याच्या डब्यात धातूची एक पट्टी सापडली, तिच्यावर २१ आणि पुढचे दोन आकडे झिजलेले. आणि घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: ‘ते विमान लढाईत गेलं.’ तुम्ही विचारताय, ते कुठे पाडलं गेलं आणि कुणी पाडलं?

मी अडतीस वर्षं विमानांच्या देखभालीत काढली. सुरुवातीची बरीच वर्षं एका फ्लाइंग क्लबात पुष्पक विमानांवर गेली. लाकडी स्पार, म्हणजे पंखाची मुख्य तुळई, वर कापड, कापडावर डोप, म्हणजे कापड ताठ करणारं रोगण. हे तुमच्या पणजोबांच्या धंद्याचं शेवटचं शेपूट. निवृत्तीनंतर जुन्या विमानांच्या नोंदी हुडकायचा नाद लागला. या दोन्ही अनुभवांवरून सांगतो, ‘कुणी पाडलं’ हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी विमान कोणतं होतं ते पक्कं करा, आणि मग ‘गेलं’ या क्रियापदाचा अर्थ लावा. त्या काळातली बहुतेक हलकी विमानं दुसऱ्या महायुद्धात गेली हे खरं आहे, पण गोळी लागून गेलेली त्यात फार थोडी.

फोटो मी पाहिलेला नाही. पण बंद केबिन, वर एकच पंख, काळ १९३० नंतरचा आणि जागा जुहू म्हटल्यावर माझ्यासमोर दोन नावं येतात: डी हॅविलँडचं पस मॉथ आणि त्याच कंपनीचं लेपर्ड मॉथ. दुरून दोघं भावंडं वाटतात. फरक पंखात आहे. पस मॉथचा पंख पाटासारखा, पुढची आणि मागची कड जवळपास समांतर. लेपर्ड मॉथचा पंख टोकाकडे निमुळता होत जातो. पस मॉथमध्ये वैमानिकाच्या मागे प्रवासी थोडा तिरका बसतो, लेपर्डमध्ये दोघं मागे शेजारी-शेजारी बसतात. पणजोबा पंखासमोर उभे असतील तर पंखाची कड भिंगातून बघा, उत्तर तिथेच मिळेल.

तुमच्या पट्टीचं वजन मात्र फोटोपेक्षा जास्त आहे. त्या कंपनीने प्रत्येक प्रकाराला उत्पादन क्रमांकांचा वेगळा पट्टा दिला होता. इंग्लंडमध्ये बनलेली २५९ पस मॉथ २००१ पासून २२५९ पर्यंत जातात. फॉक्स मॉथ ४००० पासून सुरू होतात, लेपर्ड मॉथ ७००० पासून. पट्टी खरोखर विमानाची असेल तर २१ ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक पस मॉथचा. ‘असेल तर’ म्हणतोय, कारण इंजिनला स्वतःची वेगळी पट्टी आणि वेगळा क्रमांक असतो. आकड्याच्या आधी काय कोरलंय ते नीट वाचा.

विमानावरच्या देशाच्या खुणेबद्दल, म्हणजे व्हीटीबद्दल, एक अवांतर. ‘व्हाइसरॉयज टेरिटरी’ ही कथा तुम्हाला कुणीतरी ऐकवेलच, व्हॉट्सॲपवर तर दरवर्षी फिरते. ही अक्षरं आंतरराष्ट्रीय रेडिओ-संकेतांच्या वाटपातून आली. भारताच्या वाट्याला व्हीटीए ते व्हीडब्ल्यूझेड हा गट आला आणि १९२९ पासून विमानांवर व्हीटी दिसू लागलं. त्याआधी इथल्या विमानांवर ‘जी-आय’ असे.

आता पस मॉथ म्हणजे काय चीज होती ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिलं नमुना-विमान सप्टेंबर १९२९ मध्ये उडालं. विक्रीला आलेल्या विमानाचा सांगाडा वेल्डिंग केलेल्या पोलादी नळ्यांचा होता, पंख लाकडाचे, आणि सगळ्यावर कापड. इंजिन १२० अश्वशक्तीचं जिप्सी थ्री, आणि ते उलटं बसवलेलं. म्हणजे सिलिंडरची डोकी खाली आणि क्रँकशाफ्ट वर. त्यामुळे वैमानिकाला पुढचं नीट दिसायचं आणि पंख्याचा (प्रोपेलरचा) आस उंच राहायचा. वेग ताशी साधारण शंभर मैल. पंख मागे दुमडायचे, त्यामुळे हँगरमध्ये दाटीवाटीने ठेवता यायचं. मला यातली सगळ्यात आवडती करामत म्हणजे चाकांच्या दांड्यांवरची चपटी खोळ. ती नव्वद अंशांत फिरवून वाऱ्याला आडवी करता यायची. झाला ब्रेक. दार उघडून हात बाहेर काढल्यासारखं. विमान सरळ, गुळगुळीत असल्याने उतरताना तरंगतच राहायचं, त्यावर हा देशी वाटावा असा इलाज.

उलट्या इंजिनाचा त्रास मात्र मिस्त्रीच्या नशिबी. रात्रभर उभं राहिलं की तेल पिस्टनच्या रिंगांवरून झिरपून खाली, सिलिंडरच्या डोक्यात साठतं. सकाळी तसाच झटका दिला तर पिस्टन त्या तेलावर आदळतो. तेल दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून स्विच बंद आहे याची दोनदा खात्री करून पंखा हाताने हळूहळू फिरवायचा. कुठे अडल्यासारखं वाटलं तर जोर करायचा नाही, प्लग काढायचे आणि तेल गळू द्यायचं. पणजोबांची रोजची सकाळ अशीच सुरू होत असणार, हे मी पैज लावून सांगतो. घरात कुणी ‘त्यांच्या बाह्यांना कायम तेलाचा वास यायचा’ असं सांगत असेल तर ते याच इंजिनामुळे.

जुहूला पस मॉथ म्हटलं की टाटांची टपालसेवा आलीच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथने निघाले आणि अहमदाबादला थांबून जुहूला उतरले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूहून पुढे टाटांचा सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. जुहूचं मैदान समुद्रकाठचं, पावसाळ्यात त्याचा चिखल व्हायचा. मग विमानं, वैमानिक, मिस्त्री असं सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलायचं. तुमच्या घरात ‘पणजोबा पावसाळ्यात पुण्याला असायचे’ अशी काही आठवण असेल तर ती नोंदवून ठेवा. फ्लाइंग क्लबचा मिस्त्री आणि टपालसेवेचा मिस्त्री यांत फरक करायला ती उपयोगी पडेल, कारण जुहूला १९२८ पासून बॉम्बे फ्लाइंग क्लबही होता. कोणाकडे नोकरी होती यावर पुढचा सगळा शोध अवलंबून आहे.

टपालसेवेचे पहिल्या पूर्ण वर्षाचे आकडे बऱ्याच ठिकाणी छापलेले आहेत: एक लाख साठ हजार मैल, १५५ प्रवासी, जवळपास ११ टन टपाल. लोक हे वाचून कौतुक करतात. मी हे मिस्त्रीच्या नजरेने वाचतो. ताशी शंभर मैल धरले तर हे सोळाशे तास झाले. ते दोन-तीन विमानांत वाटा. एका हलक्या विमानाला वर्षाला पाच-सहाशे तास म्हणजे मोप झाले. आमच्या क्लबात एखादं पुष्पक वर्षात तीनशे तास उडालं की आम्ही त्याला सुट्टी द्यायची भाषा करायचो. आणि ही विमानं कुठून उडायची, तर कच्च्या मैदानांतून, खारट हवेत, मे महिन्यात. सांगायचा मुद्दा असा की १९३९ उजाडेपर्यंत अशा विमानाची हाडं खिळखिळी झालेली असणार. युद्धाने त्याला मारलं म्हणताना हे लक्षात ठेवा.

शिवाय पस मॉथला एक जन्मजात दुखणं होतं. ऑक्टोबर १९३० पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत बरीच पस मॉथ हवेतच मोडली. पहिला अपघात पश्चिम ऑस्ट्रेलियात झाला. मे १९३१ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या ड्रॅकन्सबर्ग डोंगरात ग्लेन किडस्टन हा नावाजलेला माणूस गेला. पुष्कळ तपासाअंती असं ठरलं की खवळलेल्या हवेत आणि जास्त वेगात पंख थरथरून मोडतो. उपाय म्हणून पंखाला खालून पेलणाऱ्या तिरक्या दांड्याला एक छोटा जादा टेका देऊन तो ताठ केला. फोटोत पंखाखालच्या तिरक्या दांड्याच्या वरच्या भागात एक बारीक आडकाठी दिसते का बघा. दिसली तर फोटो त्या दुरुस्तीनंतरचा. साल ठरवायला याहून चांगली खूण फोटोच्या मागच्या तारखेतही मिळत नाही, कारण तारखा लोक नंतर आठवून लिहितात.

आता युद्ध. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमध्ये खासगी उड्डाणं थांबली आणि उपयोगी वाटणारी विमानं सरकारजमा होऊ लागली. याला तिकडे ‘इम्प्रेस’ करणं म्हणतात. मालकाला मोबदला द्यायचा, नागरी अक्षरं रंगाखाली घालवायची आणि वर लष्करी क्रमांक टाकायचा. न्यूझीलंडची वैमानिक जीन बॅटन ज्या पर्सिव्हल गल विमानातून न्यूझीलंडपर्यंत गेली ते जी-एडीपीआर असंच एएक्स८६६ झालं. ते वाचलं आणि पुढे ऑकलंडच्या विमानतळावर टांगलं गेलं. पण ते भाग्यवान. आपल्याकडेही क्लब आणि त्यांची विमानं लष्करी वैमानिकांच्या प्राथमिक शिक्षणाला जुंपली गेली, आणि पुढे बेगमपेट आणि जोधपूरला टायगर मॉथ या शिकाऊ विमानांवर रीतसर शाळा चालल्या.

सरकारजमा झालेली हलकी विमानं काय करायची? साहेबाला एका तळावरून दुसऱ्या तळावर सोडायचं, कागद न्यायचे, सुटे भाग आणायचे. लष्कराचा टांगाच म्हणा. आणि टांगा मोडला की काय होतं? इथे माझा मुख्य मुद्दा येतो.

पस मॉथचं जिप्सी थ्री इंजिन युद्धाच्या बऱ्याच आधी जुनं झालं होतं. त्याच्या जागी आलेल्या जिप्सी मेजरच्या सिलिंडरचा व्यास ११४ ऐवजी ११८ मिलिमीटर. चारच मिलिमीटरचा फरक, पण याचा पिस्टन त्याला बसत नाही. युद्धकाळात मेजरचे भाग ढिगाने बनत होते कारण टायगर मॉथला ते लागायचे. थ्रीचे भाग मागितले तर भांडारवाला हसला असता. मग एक पस मॉथ उभं करून त्याच्या अंगावरचं काढून दुसरं चालवायचं. कागदावर पहिल्याची नोंद रद्द होते, पण त्याला कुणी पाडलेलं नसतं. त्याला त्याच्याच भावंडाने खाल्लेलं असतं. युद्धकाळातल्या नोंदींत मला हे मरण इतक्यांदा दिसलंय की आता मी ते आधी गृहीत धरतो आणि मग दुसरं काही झालं का ते तपासतो.

दुसरं मरण आगीचं. त्या काळचा डोप नायट्रेटचा, कापडावर पाच-सहा हात. ठिणगी पडली की विमान मिनिटभरात नळ्यांचा सांगाडा. फेब्रुवारी १९४० मध्ये लंडनजवळच्या मेलँड्सला क्लबचं हँगर विमानांसकट जळालं. जुलै १९४० मध्ये इंग्लंडमधल्याच हूटन पार्कला जुन्या घोड्यांच्या शर्यतीच्या प्रेक्षागाराखाली रचून ठेवलेली विमानं अशीच गेली. शत्रूचा यात काही संबंध नाही. तरी त्या विमानांच्या घरच्यांनी ‘युद्धात गेलं’ म्हटलं तर त्यांना खोटं कसं म्हणणार? युद्ध नसतं तर ती तिथे रचलीच नसती.

शत्रूने घालवलेलीही होती, नाही असं नाही. २१ जानेवारी १९४२ ला जपानी विमानांनी न्यू गिनीत लाए, सालामौआ आणि बुलोलोवर हल्ला केला आणि सोन्याच्या खाणींना सामान पुरवणाऱ्या विमानांचा चेंदामेंदा केला. मलायातल्या हौशी वैमानिकांच्या स्वयंसेवक दलाने टायगर मॉथ आणि तसलीच क्लबातली विमानं वापरली, आणि सिंगापूर पडताना जे उडण्याजोगं होतं ते घेऊन ते सुमात्रा-जावाकडे हटले. पण न्यू गिनीतलीही बहुतेक विमानं जमिनीवर उभी असतानाच गेली, हे विसरू नका.

आणि तिसरं मरण आपल्या मातीतलं, ज्याबद्दल कागद काहीच बोलत नाही: पाऊस आणि वाळवी. एकदा आमच्या क्लबात एक विमान दीड पावसाळा हँगरच्या दारापाशी उभं राहिलं. वरून ठणठणीत होतं. मी नेहमीप्रमाणे स्पारवर हलक्या हातोडीने टकटक करत गेलो. चांगलं लाकूड टणक वाजतं. मुळापासून हातभर अंतरावर आवाज बसका झाला, पिकलेल्या भोपळ्यावर टिचकी मारावी तसा. कापड कापलं. पाणी निघून जायची भोकं कुणीतरी रंगवताना बुजवली होती, पंखाच्या पोटात पाणी साचलं होतं आणि पेन्सिल सहज आत गेली. दीड पावसाळ्यात ही गत, तर युद्धाच्या सहा वर्षांत, ज्याला विचारायलाही कुणी नाही, त्या लाकडाचं आणि दुधाच्या प्रथिनापासून केलेल्या केसीन सरसाचं काय झालं असेल? १९४४ च्या अखेरीस याच कंपनीची लाकडी मॉस्किटो लढाऊ विमानं भारतात सांधे सुटल्याच्या संशयावरून जमिनीवर आणावी लागली होती. ती नवीकोरी होती, आणि त्यांच्या मागे अख्खी हवाईसेना उभी होती.

तर पणजोबांच्या वाक्याकडे परत येऊ. मला त्यात दोन शक्यता दिसतात. पहिली, विमान सरकारजमा झालं आणि परत आलं नाही. दुसरी जरा वेगळी आहे, पण मला ती सोडवत नाही. पणजोबा टपालसेवेत असतील तर व्हिन्सेंट त्यांच्यासमोर रोज वावरणारा माणूस होता. जानेवारी १९४२ मध्ये इंग्लंडहून भारतात परतताना तो ज्या हडसन विमानात होता ते फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ शत्रूने पाडलं. ‘लढाईत गेले’ हे त्याच्याबाबतीत शब्दशः खरं आहे. घरात सांगितलेली गोष्ट तीन पिढ्यांत माणसावरून यंत्रावर सरकते, हे मी इतर कुटुंबांतही पाहिलंय. आजीला एकदा विचारा: पणजोबा ‘विमान गेलं’ म्हणायचे की ‘साहेब गेले’?

शोधाचं म्हणाल तर नोंदणीच्या अक्षरांमागे फार लागू नका. ती विमानाच्या आयुष्यात बदलतात. उत्पादन क्रमांक बदलत नाही. चारही आकडे मिळाले की क्रमांकवार याद्या बघा. एअर-ब्रिटनसारख्या संस्थांतल्या हौशी लोकांनी त्या वर्षानुवर्षं खपून केल्या आहेत, आणि ब्रिटनच्या नागरी नोंदवहीची जुनी पानं ऑनलाइन बघता येतात. तुमचं विमान आधी तिकडे ‘जी’ अक्षराने नोंदलेलं असेल तर त्या पानावर विक्रीची तारीख सापडेल. नोंद रद्द होण्याचं कारण वाचताना जपून. ‘युद्धकाळात रद्द’ असं लिहिलेलं असलं तर त्यातून फक्त कागद कधी बंद झाला ते कळतं. विमान त्याआधी दोन वर्षं मेलेलं असू शकतं.

पट्टीला मात्र चिंच किंवा ब्रासो लावू नका, उरलेले आकडेही जातील. पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलने हळू घासा, किंवा अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून मोबाइलने फोटो काढा. झिजलेला आकडा सावलीत उठतो.

आणि ते करताना कोपऱ्यातली भोकं बघा. विमान पडलं किंवा जळालं असतं तर पट्टी वाकलेली, काळवंडलेली असती, भोकांच्या कडा फाटलेल्या असत्या. त्या गोल आणि साबूत असतील तर विमान जमिनीवर उभं असताना कुणीतरी निवांत बसून, हत्यार घेऊन, एकेक कोपरा मोकळा करून ती पट्टी काढली आहे. चालू विमानाची पट्टी कुठलाही मिस्त्री काढत नाही. ते विमान आता उडणार नाही हे ज्याला ठाऊक होतं, त्यानेच ती काढून घरी आणली.